लाडका चॅरिझार्ड मागें कां पडला?



माझा नातू एके सायंकाळीं डोळे पुसत माझ्यापाशीं आला. पोकेमॉन या व्हिडिओ गेममधील त्याचा लाडका चॅरिझार्ड शेजारच्या मुलाच्या गार्चोम्पकडून पुन्हां हरला होता. "आजोबा, माझा चॅरिझार्ड दुबळा झाला का?" असें त्यानें विचारलें. चौतीस वर्षें वर्गांत मुलांच्या शंका फेडीत आलों. परंतु या शंकेपुढें मी निरुत्तर झालों. मग त्यालाच गुरु करून मीं हा खेळ समजून घेतला. जें उमगलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

हा खेळ १९९६ सालीं जपानांत निघाला, तेव्हां त्यांत १५१ काल्पनिक प्राणी होते. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे. प्रत्येक प्राण्यास प्राणशक्ति, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग असे सहा गुण असून प्रत्येक गुणास ठराविक अंक दिलेले असतात. अग्नि ओकणारा, पंखांचा चॅरिझार्ड हा अगदीं आरंभींचा प्राणी. त्याच्या सहा गुणांची बेरीज ५३४. गार्चोम्प अवतरला २००६ सालीं. त्याची बेरीज ६००. त्यांतहि मौज अशी कीं, चॅरिझार्डचा वेग १०० आणि गार्चोम्पचा १०२. दोन अंकांनीं काय बिघडतें, असें आपणांस वाटेल. परंतु या खेळांत ज्याचा वेग अधिक, त्याचा वार बहुधा आधीं पडतो. आणि पहिल्याच वारांत जो आडवा झाला, त्यास आपलें सामर्थ्य दाखविण्याची पाळीच येत नाहीं. दोघांचीहि तालीम सारखी असल्यास हे दोन अंक निर्णायक ठरतात.

मात्र सारा दोष अंकांच्या माथीं मारतां येणार नाहीं. खेळाचे नियमहि बदलत गेले. २००६ सालींच एक नवा डाव आला. प्रतिपक्षाच्या बाजूस टोंकदार दगड पसरून ठेवावयाचे. तिकडून जो प्राणी मैदानांत उतरेल, त्यास ते बोंचतात. साधारण प्राण्याची यानें एक अष्टमांश प्राणशक्ति जाते. पण अग्नि आणि उड्डाण या दोन्ही जातींस दगडाचें भय असल्यानें चॅरिझार्डला चौपट इजा होते. म्हणजे शत्रूचा एकहि वार न खातां त्याचा अर्धा जीव जातो. टॉरस नांवाच्या बैलाची कथा अशीच. १९९६ च्या खेळांत वर्मीं घाव बसण्याचा संभव प्राण्याच्या वेगावर अवलंबून असे. टॉरसचा तो घाव सुमारें पांचांत एकदां बसे. १९९९ च्या खेळांत तो संभव सर्वांस सरसकट सुमारें सोळांत एक असा ठरला. बैलाचा वेग कमी झाला नाहीं. त्या वेगाचें मोल कमी झालें.

मग अंकांनीं मोठा तोच श्रेष्ठ, असा का हा न्याय? तसेंहि नाहीं. २०१६ सालीं आलेला इन्सिनरोर हाहि चॅरिझार्डसारखाच अग्निजातीचा. त्याची बेरीज ५३०, म्हणजे चॅरिझार्डहून चारानें कमी. वेग तर अवघा ६०. तरीहि दोन-दोन प्राण्यांच्या जोडीनें लढल्या जाणाऱ्या जागतिक सामन्यांत तो खेळाडूंच्या अत्यंत पसंतीस उतरला आहे. कारण मैदानांत पाऊल टाकतांच तो आपल्या धाकानें समोरच्या दोघांच्याहि शारीरिक हल्ल्याचें बळ दोन तृतीयांशांवर आणतो, पहिल्याच पाळींत एकास दचकवून त्याची खेळी फुकट घालवितो, आणि काम झालें कीं सोबत्यास जागा देऊन बाजूस होतो.

सोबत्याच्या उपयोगी पडण्याचें हें मोल अल्पबळ प्राण्यासहि तारतें. २०१४ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क या खेळाडूनें पाचिरिसु ही अवघ्या ४०५ अंकांची चिमुकली खार उतरविली. त्याच्याच चमूंतील ग्यारॅडॉस हा १९९६ चा जुना जलचर. त्यास विजेचें भारी भय. ही खार शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेई आणि वीज तर पचवूनच टाकी. तिच्या आडोशानें ग्यारॅडॉस लढला आणि पार्क जगज्जेता झाला.

मीं नातवास सांगितलें, "बाळ, तुझा चॅरिझार्ड दुबळा झालेला नाहीं, त्याचे अंक होते तेवढेच आहेत. त्याच्याभोंवतालचें जग बदललें. त्याला एकट्याला पुढें ढकलूं नकोस." आतां तो आधीं ब्लास्टॉइज हें जुनें कासव उतरवितो. तें गरकन् फिरून दगड उडवून लावतें आणि मग चॅरिझार्ड झेपावतो. गार्चोम्पशीं मात्र त्याची गांठ पडूं देत नाहीं. तें काम तिसऱ्याचें. परवां तरीहि तो हरला, परंतु डोळे न पुसतां म्हणाला, "आजोबा, कासवाला एक पाळी आधीं उतरवायला हवें होतें."

नव्यापुढें जुनें मागें पडतें, हें खरें. परंतु तें टाकून द्यावयाचें कीं त्यास शोभेल अशी जागा शोधावयाची, हें शेवटीं खेळणाऱ्याच्याच हातीं असतें.