बुरशीला आवर घालणारी लस

‘मॅडम, गोळी घेतली की बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.’ तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ही तक्रार मला सतत ऐकू येते. अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, खाज, आग. बायका आधी मेडिकलमधून क्रीम आणून लावतात, घरात कुणाला सांगत नाहीत, आणि अगदीच असह्य झालं की येतात. जगभरात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना योनीमार्गाचा हा बुरशीसंसर्ग वारंवार होतो, असा २०१८ मधला अंदाज आहे.

त्यावर लस करणं अवघड, कारण तो बहुतेकदा जिच्यामुळे होतो ती कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी मुळात आपल्याच अंगावर राहते. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गातही ती असते. देवीच्या रोगासारखं तिला हद्दपार करता येत नाही. गोल पेशींच्या रूपात असते तोवर ती सहसा त्रास देत नाही. पण शुगर वाढली, अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला किंवा दिवस गेले, की याच पेशींना लांब तंतू फुटू शकतात. त्या तंतूंवर एएलएस-३ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या आधारे बुरशी आपल्या पेशींना चिकटते आणि आत शिरते.

कॅलिफोर्नियातले जॉन एडवर्ड्स, अश्रफ इब्राहिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच प्रथिन हेरलं आणि त्यावरून एनडीव्ही-३ए ही लस तयार झाली. बुरशी राहिली तर राहू दे, घुसायला लागली की शरीराने तिला अडवावं, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो.

अमेरिकेतल्या १८८ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. चाळिशीच्या आतल्या ज्यांना लस दिली, त्यांपैकी ४२ टक्के वर्षभर त्रासाविना राहिल्या. नुसतं औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांत २२ टक्के. ही वयाची विभागणी मागाहून केलेली होती, त्यामुळे मोठ्या चाचणीशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी याच वयाच्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी केली, तेव्हा कॅन्डिडा अल्बिकन्सला सर्वांत गंभीर गटात घातलं. तरीही माणसांसाठी मान्यता मिळालेली एकही बुरशीविरोधी लस आज नाही. योनीमार्गाच्या या दुखण्यानं जीव जात नाही, म्हणून ते रांगेत मागे पडतं, असं मला वाटतं. मोठी चाचणी व्हायलाच हवी, आणि तीत आपल्याकडच्या बायकाही हव्यात, मधुमेह असलेल्यासुद्धा.