गिझर बंद पडला. मिस्त्रीला किती द्यायचे?

"दहा मिनिटांचं काम अन् चारशे रुपये?" डिसेंबर लागला की खापरखेड्याच्या गल्लीगल्लीत हे वाक्य एकदा तरी ऐकू येतेच. म्हणणारे बहुधा घरातले वडीलधारे असतात. ऐकणारा मिस्त्री स्टुलावरून उतरून हात पुसत असतो. तो काही बोलत नाही. मग पन्नास कमी होतात, कधी शंभर, आणि दोन्ही बाजू मनात थोडी नाराजी ठेवून वेगळ्या होतात. या चारशेचा हिशेब नेमका कसा बसतो, तो कुठे रास्त असतो आणि कुठे नसतो, हे एकदा नीट पाहावे म्हणून हा लेख.

आमच्याकडची थंडी मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगूनही पटत नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांवर उतरले होते. खापरखेडा तिथून वीस-बावीस किलोमीटर, त्यात कन्हान आणि कोलार नद्यांचा शेजार. फज्रच्या वुजूला टाकीचे पाणी हातावर घेतले की बोटे बधिर होतात. आजी-आजोबा, बाळंतीण, दमेकरी यांच्यासाठी गरम पाणी ही चैन नव्हे. पूर्वी घरोघरी कोळशाची शेगडी असायची; सिल्लेवाडा-वलनीच्या खाणी जवळ असल्याने कोळशाला तोटा नव्हता. आता शेगडी गेली, गिझर आला. 1340 मेगावॅटचे वीज केंद्र उशाशी असलेल्या गावात गिझर बंद पडला म्हणून लोक चुलीकडे धावतात, ही गंमतही आम्ही दरवर्षी पाहतो.

आमचा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून आता हेच काम करतो. नळाचेही आणि गिझरचेही. शहरात प्लंबर वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा. गावात एकच माणूस दोन्ही करतो. त्याला आम्ही सरळ विचारले, "बाबा, तू दर ठरवतोस कसा?" तो हसला. "सर, गिऱ्हाइकाला माझी दहा मिनिटं दिसतात. माझा दिवस कोणाले दिसते?"

त्याचा दिवस कागदावर मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, त्याला रोज घरी हजार रुपये न्यायचे आहेत. पेट्रोल, मोबाईल, हत्यारांची झीज यांचे दोनशे. म्हणजे दिवसाला बाराशे मिळायला हवेत. हंगामात चार ठिकाणांहून बोलावणे येते: एक चनकापूरला, एक वलनीला, एक दहेगावला, एक गावातच. त्यातल्या एका घरी कुलूप असते, किंवा "राहू द्या, नवीनच घेतो" असे उत्तर मिळते. उरली तीन कामे. बाराशे भागिले तीन, चारशे. काम दहा मिनिटांचे असो की तासाचे, त्या फेरीला त्याचा अर्धा प्रहर गेलेला असतो. शिवाय हा हिशेब चालू हंगामाचा झाला. उन्हाळ्यात नागपूरकरांचे कूलर त्याला पोसतात. पण जुलै ते सप्टेंबर हात बऱ्यापैकी रिकामे असतात, आणि मुलांची शाळेची फी नेमकी तेव्हाच येते.

म्हणजे मिनिटांवर मजुरी मोजणे हा मुळातच चुकीचा माप आहे. गंमत अशी की जो कारागीर बिघाड पटकन ओळखतो त्याच्यावर लोक जास्त चिडतात, आणि जो तीन तास खुडबूड करतो त्याला चहा पाजून पूर्ण पैसे देतात.

आता दुसरी बाजू. मजुरी रास्त असली तरी सुट्या भागांच्या नावाखाली फसवणूक होते, हे आमचा विद्यार्थीही नाकारत नाही. साध्या गिझरच्या आत तापवणारे कॉइल, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तोही अडकला तर शेवटची राखण करणारा कट-आउट आणि सांध्याचे रबरी गॅस्केट असते. बाहेर पाण्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह. बहुतेक तक्रारी यांतल्याच एखाद्या भागाच्या असतात. सर्वांत महाग कॉइल, म्हणून सर्वांत जास्त वेळा "कॉइल गेलं" हेच ऐकू येते.

ते खरेच गेले का, हे पाहणे अवघड नाही. दोन हजार वॅटच्या चांगल्या कॉइलचा रोध मल्टीमीटरवर साधारण 26 ओम दिसतो. कॉइल तुटले असेल तर मीटर काहीच रोध मोजू शकत नाही. मिस्त्रीला म्हणावे, "भाऊ, मीटर लावून एकदा दाखवता का?" प्रामाणिक माणूस आनंदाने दाखवतो. जुना भाग घरीच ठेवून घ्यावा, हे त्याहून महत्त्वाचे. काही वेळा फक्त कट-आउट उडालेला असतो आणि त्याचे बटण दाबले की गिझर सुरू होतो. पण तेवढ्यावर थांबू नये. कट-आउट उडाला याचा अर्थ पाणी प्रमाणाबाहेर तापले, तेव्हा थर्मोस्टॅट तपासून घ्यावाच लागतो. त्या तपासणीचे पैसे मागितले तर ते योग्यच आहेत.

आणि मिस्त्रीला बोलावण्याआधी घरच्या पाटीवरची एमसीबी खाली पडली आहे का, ते पाहा. प्लग काळवंडला आहे का, तेही पाहा. दोन हजार वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. तो 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर लावला तर प्लग जळणारच. त्याला 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो.

सगळ्यांत जास्त वाद होतो तो "पाहायचे पैसे" या गोष्टीवर. आला, उघडले, म्हणाला दुरुस्त होणार नाही, आणि दीडशे मागतो. द्यायचे का? आपल्या फिकहमध्ये यावर फार सुरेख विचार झालेला आहे. इजाऱ्यात, म्हणजे मेहनत भाड्याने घेण्याच्या करारात, काम आणि उजरत दोन्ही आधी ठाऊक असावी लागतात. संदिग्धता ठेवून काम करवून घेणे पसंत केलेले नाही. उजरत ठरवलीच नाही आणि काम तर झाले, मग काय? तेव्हा उजरते मिस्ल द्यावी, म्हणजे त्या गावात त्या कामाला जी मजुरी चालते ती. त्यापेक्षा कमीही नको, जास्तही नको. दुसरा प्रकार जुआला. "गिझर सुरू झाला तर इतके देईन, नाहीतर काही नाही" असा वायदा. इतर मजहबांनी त्याला जागा दिली आहे. हनफी उलमांनी साधारणपणे तो मान्य केलेला नाही. आपल्यापैकी बरेचजण फोन इजाऱ्याचा करतात आणि पैसे द्यायची वेळ आली की जुआल्यावर येतात. हे बरोबर नाही. "बघायला यायचे किती?" हा एक प्रश्न फोनवरच विचारला तर पुढचा सगळा वाद टळतो.

तसाच प्रश्न दुकानातल्या सुटीचा. हार्डवेअरवाला मिस्त्रीला थर्मोस्टॅट स्वस्तात देतो, तो गिऱ्हाइकाकडून पूर्ण किंमत घेतो. यात गैर काय? मिस्त्रीने माल स्वतःच्या पैशाने घेऊन स्वतःच्या नावावर विकला, तर तो व्यापार आहे, नफा त्याचा. पण आपण त्याच्या हाती पैसे देऊन "आमच्यासाठी घेऊन या" म्हटले, तर तो आपला वकील झाला, आणि मिळालेली सूट आपली झाली. ती त्याने आपल्या संमतीशिवाय खिशात घालू नये. बिल एकच, पण बोलण्यातल्या एका वाक्याने हक्क बदलतो.

कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस मागवला तर दर छापील असतो, त्यावर जीएसटी असतो, पावती मिळते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून गावातला मिस्त्री तो कर आकारत नाही. तरी साध्या कागदावर तारीख, बदललेला भाग आणि रक्कम लिहून घ्यावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली सेवाही येते, आणि 1915 या क्रमांकावर तक्रार सांगता येते. चारशे रुपयांसाठी कोणी आयोगाकडे जात नाही हे खरे; पण महिन्याभरात तोच भाग पुन्हा गेला तर त्या कागदामुळे मिस्त्री मुकाट बदलून देतो.

एका बाबतीत मात्र स्वस्त-महाग पाहूच नये. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका कारागिराने सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला चक्क बूच मारले आणि वर दोनशे रुपये घेतले. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटरच्या टाकीत पाव लिटरपर्यंत जास्तीचे पाणी होते आणि ते त्या व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. ही गळती नव्हे. ती वाट बंद केली आणि थर्मोस्टॅट अडकला, तर टाकी फुटू शकते. आमच्या विद्यार्थ्याने ते बूच काढले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. अर्थिंगचेही तसेच. न्हाणीघरात ओल्या अंगाने उभ्या असलेल्या मुलाला विजेचा झटका बसू नये म्हणून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवायला मिस्त्री पैसे मागत असेल, तर घासाघीस न करता बसवून घ्यावा. गॅस गिझर असेल तर खिडकी बंद करून आंघोळ करूच नये. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि माणूस आत कोसळला तरी बाहेर कळत नाही.

बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर पांढरा क्षार चढतो, कॉइल आतल्या आत तापून फुटते. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा गंज स्वतःवर घेत झिजत जातो. तो वर्षातून एकदा पाहावा, संपत आला असेल तर बदलावा. ही सफाई ऑक्टोबरात करून घेतली तर मिस्त्रीला वेळ असतो, मजुरीही थोडी कमी लागते, आणि तो घाईघाईने कॉइल बदलण्याऐवजी व्हिनेगरात बुडवून घासून देतो. नोव्हेंबर सरला की तोच माणूस फोनवर म्हणतो, "सर, परवा येतो," आणि तो परवा आठवड्याने उगवतो.