अंगावरून वारं जातं म्हणजे काय होतं?

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्या आबांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी हातातला चहाचा कप सुटला, तोंड वाकडे झाले. कुणी तेल चोळले, कुणी अंगारा लावला. शेवगावहून नगरला पोचेपर्यंत रात्र झाली.

पुढे आबांनी मला विचारले, "पायाला तर काही लागलं न्हाई, मग चालता का येईना?" घरात कॉलेजात शिकणारा मी पहिलाच. पण मी पडलो कला शाखेचा. उत्तर देता आले नाही. नंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते येथे मांडतो.

दोष पायात नसून मेंदूत असतो. गुठळीने रक्त अडले किंवा रक्तवाहिनी फुटली की मेंदूच्या पेशी मरू लागतात. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मेंदूचा डावा भाग पाहतो. म्हणून आबांचा उजवा हात-पाय गेला.

गुडघ्याखाली हलकी हातोडी मारली की पाय उडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूला न विचारता पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू करतो. एक स्नायू आवळला की त्याच्या विरुद्ध स्नायूला सैल पडण्याचा निरोपही तोच देतो. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण गाडी वळवताना एक कासरा ओढतो आणि दुसरा सैल सोडतो, तसेच हे.

एरवी मेंदू मेरुरज्जूला आवरून धरतो. झटक्यानंतर तो धाक जातो. सुरुवातीला पाय लुळा असतो, पण काही आठवड्यांत बहुधा ताठ होऊ लागतो. पोटरी झटकन ताणली तर ती अधिकच आवळते. दोन्ही कासरे एकदमच ओढले जातात. पाऊल वर उचलत नाही, म्हणून माणूस पाय बाहेरून फिरवून टाकतो. आबांची उजवी चप्पल पुढूनच झिजते, त्याचे कारण हे.

तळव्यावर रेघ ओढल्यास अशा रुग्णाचा अंगठा वर जातो. ही खूण बाबिन्स्की यांनी १८९६ साली सांगितली. तान्ह्या बाळात मात्र ती स्वाभाविक असते.

पुन्हा पुन्हा सराव केला तर मेंदूचे शाबूत भाग काही काम उचलतात. आबा रोज ओट्याला धरून चालतात. परंतु गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. आमचे ते तास अंगाऱ्यात गेले. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मित्रहो, तेलाची बाटली शोधू नका. आधी गाडी शोधा.