थिजणारं तूप, वाहतं तेल

सातारा जिल्ह्यात वेण्णा नदीच्या खोऱ्यात पौषातली पहाट बोचरी असते. मेढ्यातल्या घरांत अशा वेळी फळीवरच्या बरण्या आपापला स्वभाव दाखवतात. तूप चमच्यानं खणून काढावं लागतं. खोबरेल बाटलीत पांढरंफटक थिजलेलं असतं. करडईचं तेल मात्र पाण्यासारखी धार धरतं.

फरक एका सांध्याचा आहे. तेल-तुपातली मेदाम्लं म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. स्टिअरिक, ओलेइक आणि लिनोलेइक या तिन्ही आम्लांत कार्बन 18च. स्टिअरिकमध्ये प्रत्येक कार्बनला हवे तेवढे हायड्रोजन मिळालेले असतात, म्हणून ते संपृक्त. त्याची साखळी सरळ असते. चुलीसाठी रचलेल्या लाकडांसारख्या या साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, आणि म्हणून ते वितळायला 69 अंश लागतात. ओलेइकमध्ये एका जागी हायड्रोजनची जोडी कमी असते. तिथे दुहेरी बंध होतो आणि साखळीला बाक येतो. वाकडी लाकडं नीट रचता येत नाहीत. ओलेइक 13-14 अंशांनाच वितळतं. लिनोलेइकमध्ये असे बाक दोन, त्यामुळे ते शून्याच्या खालीही पातळ राहतं. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश हेच आम्ल असतं. शेंगतेलात ओलेइक जास्त, तर खोबरेलात जवळजवळ 90 टक्के मेदाम्लं संपृक्त.

याच जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात, फलटणला, बनबिहारी निंबकरांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली. करडईवर तिथे दीर्घकाळ काम झालं. काट्यांनी हात फाडणाऱ्या या पिकाचं 'नारी-6' हे बिनकाट्याचं वाण तिथलंच.

करडई असो वा शेंगदाणा, लाकडी घाणा तेलातले दुहेरी बंध मोडत नाही. उखळात लाट संथ फिरते, दाणा चिरडला जातो, तेल पाझरतं आणि पेंड गोठ्यात जाते. बंध बदलले ते कारखान्यानं. 1902 मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. 1937 साली आपल्याकडे 'डालडा' आला. अर्धवट हायड्रोजन भरताना काही बंध उलटे वळतात. साखळी सरळ होते, पण बंध तसाच राहतो. हेच ट्रान्स मेद, हृदयाला सर्वांत घातक. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे खाद्यतेलांत आणि वनस्पती तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे.

वाहण्याची किंमतही असते. दुहेरी बंधालगतच हवेतला ऑक्सिजन झोंबतो आणि तेल खवट होतं. म्हणून तूप महिनोन्‌महिने टिकतं आणि करडईचं तेल लवकर वास धरतं. ते घाण्यावरून थोडंच आणावं, झाकण घट्ट लावावं आणि बाटली अंधारात ठेवावी.