भाडेकरूची भीती आणि भाड्याचा हिशेब

बेंबळीत कुणाच्या हाती निवृत्तीचे पैसे आले की धाराशिवला फ्लॅट घेऊन भाड्याने लावायची चर्चा सुरू होते. लगेच घरातलं एखादं वडीलधारं माणूस बजावतं, ‘भाडेकरू ठेवू नको, बारा वर्षांनी घर त्याचं होतं.’ माझ्या मते ही भीती चुकीच्या ठिकाणी आहे. पैसे बुडतात ते हिशेबात आणि कागदात.

बारा वर्षांची मुदत आली १९६३ च्या मुदत कायद्यातून. मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे स्वतःची म्हणून जागा वापरणाऱ्यासाठी ती आहे. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो आणि दरमहा भाडं देऊन तुमची मालकी मान्य करतो. नुसती वर्षं मोजून तो मालक होत नाही. तो भाडेकरूच आहे हे दाखवता यावं म्हणून करार लेखी ठेवा, भाडं बँकेतून घ्या.

आपल्या भागात या भीतीला आणखी एक मूळ आहे, कूळकायदा. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू झाला. कुणाची जमीन गेली, कुणाला मिळाली, त्या आठवणी अजून घराघरांत आहेत. पण तो कायदा शेतजमिनीचा, राहत्या खोल्यांचा नव्हे. घरभाड्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंना त्यात भक्कम संरक्षण आहे हे खरं. म्हणूनच आता लोक लीव्ह अँड लायसन्सचा करार करतात. त्यात ठरावीक महिन्यांपुरती राहायची परवानगी असते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई मागता येते.

‘अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर नोटरी केला की झालं’ हा समज मात्र सर्रास आहे, आणि तोच महागात पडतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हा देशपातळीवरचा सर्वसाधारण नियम. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं; उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. खर्च किती? भाडं ७,००० आणि अनामत २०,००० असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याने मुद्रांक दोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती जरूर द्यावी, पण ती म्हणजे करार नव्हे.

आता ‘भाड्यातच हप्ता फिटतो’ हे गणित. धरून चालू की फ्लॅट मुद्रांक-नोंदणीसह २७ लाखांना पडला आणि भाडं ७,००० आहे. वर्षाचे ८४,०००. एक महिना घर रिकामं, घरपट्टी, देखभाल, रंग काढले की ६५,००० उरतात, म्हणजे अडीच टक्केही नाहीत. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. त्या २७ लाखांतले १८ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज असतील, तर हप्ता साधारण १५,६०० रुपये. निम्म्याहून जास्त खिशातून भरायचा. पुढे किंमत वाढेल ही आशा आहे, उत्पन्न नव्हे.

त्यापेक्षा गावठाणातल्या आपल्याच घरावर दोन खोल्या चढवण्याचा विचार मला जास्त पटतो. पाच लाख लागले, तीन हजार भाडं आलं, वर्षाला सहा हजार खर्च वजा केला, तरी सहा टक्के सुटतात, कारण जागेचे पैसे नाहीत. ‘गावात कोण राहणार भाड्याने?’ हा प्रश्न मात्र निम्मा खरा आहे. पोलीस ठाण्यातले, शाळेतले, बँकेतले कर्मचारी असतात. पण अनेक जण धाराशिवहून रोज ये-जा करतात. वीट आणण्याआधी त्यांच्यापैकी चार-पाच जणांना विचारा. त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा असेल. खोली बघायला आलेली बाई आधी नळ सोडून बघते, मग मोरी, मग खिडकी. एप्रिल-मेमध्ये बोअर आटत असेल तर टाकीचा खर्च बांधकामातच धरा.

गावात घर विकत घेताना ‘नमुना आठला नाव आहे’ एवढ्यावर जाऊ नका. ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत बघा, आणि गावठाणात स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका निघाली असेल तर तीही.

भाडं रोख घेतलं तरी ते करपात्र उत्पन्नच. पण स्वतः भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, पावती असो वा नसो. त्यामुळे एक-दोन खोल्यांच्या भाड्यावर, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर, बहुतेकांना कर लागतही नाही.