चार पायांचा भिडू

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या राजमाची?’ पटापट पाच अंगठे वर. तुमच्या पायाशी बसलेला तो शेपूट हलवून सहावा होकार देतो. न्यायचंय त्याला? जरूर न्या. फक्त एक लक्षात ठेवा, त्याने होकार गडाला दिलेला नाही, तुम्हाला दिलाय.

कुत्र्यासोबतच्या ट्रेकसाठी राजमाची झकास. लोणावळ्याहून पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटरची वाट, लांब पण चढ बेताचा. कर्जतकडून कोंडाणे लेण्यांवरून येणारी वाट खड्या चढाची, ती नंतर कधीतरी. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले, बोरघाटातल्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणारे. १६५७ मध्ये ते स्वराज्यात आले. शनिवारी चालायचं, गावात मुक्काम, पिठलं-भाकरी, रविवारी परत.

आम्हीही आमच्या मोतीला असंच घेऊन गेलो होतो. निघायला नऊ वाजले. अकरानंतर हा पठ्ठ्या दिसेल त्या सावलीत बसायला लागला. ‘नाटकं करतोय’ म्हणत आम्ही बिस्किटं दाखवून त्याला उठवत राहिलो आणि तो उठतही राहिला. मग एकदम झोकांड्या, तोंडातून चिकट लाळ, हिरड्या लालभडक. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. झाडाखाली झोपवून पोटावर, पंजांवर पाणी ओतलं, ओल्या टॉवेलने वारा घातला. डॉक्टर गाठायचा तर परत लोणावळाच. तो अर्धा तास आठवला की आजही पोटात गोळा येतो.

नशीब, तो सावरला. तिथूनच मागे फिरलो. गड राहिला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड करतो, आणि उन्हात तेवढं पुरत नाही. शिवाय ‘बस झालं’ म्हणणं त्याला जमत नाही. तुम्ही पुढे चालत राहिलात, की तोही येत राहतो.

म्हणून थंडीचे दिवस निवडा आणि उजाडताच निघा. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. त्याचं पाणी आणि वाटी वेगळी घ्या. रेबीजची लस झालेली हवी, आणि परतल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. पग किंवा लहान पिल्लू असेल तर हा बेतच नको.

गावात शिरताना पट्टा हातात. तिथे कोंबड्या, शेळ्या असतात आणि गावची कुत्रीही. ज्यांच्याकडे उतरणार, त्यांना कुत्रा चालेल का, हे आधीच फोन करून विचारा. हरिश्चंद्रगड, भीमाशंकरसारख्या अभयारण्यात मात्र त्याला नेऊच नका. त्याचे आजार तिथल्या प्राण्यांना लागू शकतात.

यंदा डिसेंबरात आम्ही पुन्हा निघतोय, पहाटे सहाला. कुठे थांबायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे या वेळी मोती ठरवणार. गड काय, कुठे पळून जात नाही.