मुलाला पहिला फ्लाय रॉड घ्यायचाय? 'मूल लहान, म्हणून रॉड लहान' हा हिशेब का चुकतो?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढणारं एखादं मराठी मूल मित्राच्या घरच्यांसोबत नदीवर जातं आणि परत आल्यावर एकच हट्ट धरतं, मलाही फ्लाय रॉड हवा. आईबाबा मालवणकडचे असतील तर गरवणं त्यांना नवं नसतं. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. पण दुकानात गेल्यावर '५ वेट', 'डब्ल्यूएफ-५-एफ' असं काहीतरी समोर येतं. मग पालक सोपा हिशेब करतात. मूल लहान आहे ना, मग सगळ्यात छोटा आणि सगळ्यात स्वस्त रॉड द्या.

नेमका हाच रॉड मुलाला जमत नाही. तासाभरात लाइनचा गुंता होतो, रॉड गवतात पडतो आणि घरी येताना मूल ऐकतं, "तुला पेशन्सच नाहीत."

फ्लाय फिशिंग वेगळं कसं?

नेहमीच्या गळाला शिशाचं वजन लावलेलं असतं. ते फेकलं की त्याच्यामागून दोरी जाते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं असतं. पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेल्या नकली किड्याला, म्हणजे फ्लायला, जवळपास वजनच नसतं. त्यामुळे वजन लाइनमध्येच असतं. रॉड मागे नेला की लाइन हवेत मागे उलगडते. ती ताणली गेली की पुढच्या झटक्यात रॉड धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना लाइनला पुढे ढकलतो.

यात ताकदीपेक्षा ताल महत्त्वाचा. १९९२ साली आलेल्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या सिनेमात वडील मुलांना मेट्रोनोमच्या ठेक्यावर कास्टिंग शिकवतात ते त्यामुळेच.

मग मुलासाठी रॉड घेताना खरा प्रश्न एकच उरतो. त्याच्या हातून हा रॉड वाकेल का?

'५ वेट' म्हणजे किती?

हे रॉडचं वजन नाही. त्या रॉडला कोणत्या वजनाची लाइन चालते, त्याचा हा क्रमांक आहे. लाइनचे पहिले ३० फूट मोजले, तर ५ नंबरच्या लाइनचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असतं. ४ नंबरची १२० ग्रेन, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास.

गोम इथेच आहे. हे माप ३० फुटांचं आहे आणि सात-आठ वर्षांचं मूल लाइन फेकतं फार तर १५-२० फूट. म्हणजे रॉडला जेवढं वजन मिळायला हवं, त्याच्या फार तर निम्मं ते दोन-तृतीयांशच मिळतं. रॉड वाकतच नाही, मूल जोर लावतं आणि लाइन स्वतःच्याच डोक्यावर कोसळते. म्हणून लहान मुलांच्या रॉडला एक नंबर जड लाइन लावावी, असं अनेक प्रशिक्षक सांगतात. ४ नंबरचा रॉड असेल तर ५ नंबरची लाइन. डब्ल्यूएफ-५-एफ म्हणजे पुढच्या भागात जास्त वजन असलेली, ५ नंबरची, पाण्यावर तरंगणारी लाइन. सुरुवातीला हीच घ्यावी.

लांबी किती, रॉड कशाचा?

मोठ्यांचा नेहमीचा रॉड ९ फुटांचा असतो. तो फार जड नसतो, पण लांबीमुळे लहान मनगटावर ताण येतो. उलट ५-६ फुटांचा रॉड घेतला, तर आधीच उंचीने लहान असलेल्या मुलाची मागे जाणारी लाइन गवतात अडकते. साडेसात ते आठ फूट, ४ किंवा ५ वेट, हे मधलं माप बहुतेक मुलांना जमतं.

ग्रॅफाइटच्या ताठ, वेगवान रॉडपेक्षा फायबरग्लासचा मऊ रॉड बरा. तो सावकाश वाकतो, त्यामुळे वजन कधी आलं ते मुलाच्या हाताला कळतं. शिवाय दगडावर आपटणं तो जास्त सहन करतो. (गाडीच्या दारात चेमटला तर मात्र कोणताच रॉड वाचत नाही.) मूठ बारीक हवी. 'इको' कंपनीच्या 'गेको' या मुलांच्या रॉडला खाली दुसरी मूठ आहे, म्हणजे एका हाताने जमलं नाही तर दोन्ही हातांनी फेकता येतं. कल्पना चांगली आहे.

रीळवर जास्त पैसे घालू नयेत. या वयात तिचं काम लाइन गुंडाळून ठेवण्यापुरतंच असतं. वाचलेले पैसे चांगल्या लाइनवर खर्च करावेत, कारण स्वस्त सेटमध्ये कंपन्या काटकसर करतात ती बहुधा तिथेच.

रीळच नको असेल तर जपानची तेनकारा पद्धत आहे. लांब, दुमडता येणारा रॉड आणि टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची लाइन, बस्स. सहा वर्षांच्या मुलालाही छोट्या ओढ्यात त्यावर मासा मिळू शकतो. पण लाइन सोडणं-ओढणं त्यात शिकता येत नाही आणि रॉडचं टोक फार नाजूक असतं.

नदीआधी हिरवळ

पहिले काही दिवस हुक नकोच. लाइनच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून मैदानात सराव करावा, तोही १५-२० मिनिटंच. पाण्यावर जाताना चष्मा आणि टोपी हवीच. मागून येणारा हुक थेट डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. हुकचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे बोटात घुसलाच तर सहज निघतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट सुरू झाल्यावर रॉड हातात नको.

आणि पहिल्या दिवशी ट्राउटच्या मागे लागू नये. अमेरिकेतल्या तळ्यांमधला ब्लूगिल हा छोटा मासा फ्लायवर पटकन झडप घालतो. मुलाला तेवढं पुरतं.

भारतात आधी चव घ्यायची असेल, तर हिमाचलमधली तीर्थन नदी किंवा काश्मीरचे ओढे आहेत. तिथे ब्रिटिशांनी आणलेला ट्राउट आजही मिळतो, पण मत्स्य विभागाचा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, १३ ते १६ वयोगटाला तो मोफत मिळतो. न्यूयॉर्क राज्यात १६ वर्षांखालच्या मुलांना गरज नाही. मात्र मुलाच्या हातून रॉड घेऊन स्वतः दोन-चार कास्ट मारणाऱ्या बाबांना तो लागतो.